आवाज कधी फुटला?

सुयोगला पंधरा पूर्ण झाली तरी त्याचा आवाज फुटला नव्हता. फोन उचलला की समोरचा त्याला मॅडम म्हणायचा, आणि तेवढ्यावरून घरात वाजायचं. त्याचे वडील श्यामसुंदर विक्रोळीतल्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर. गेटवर भल्याभल्यांना दरडावणाऱ्या त्या माणसाला घरातला हा बारका, गुळगुळीत मुलगा खपत नव्हता. पाहुण्यांसमोरसुद्धा त्याला "बायल्या" म्हणायचे.

शेवटी आई, प्रेमा, हट्टाने त्याला मुलुंडला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वडील आले ते भांडायच्याच तयारीने.

"तुमचा आवाज कधी फुटला होता?" बाईंनी विचारलं.

"तेराव्या वर्षी. आमच्या घराण्यात असलं काही नाही. हिच्या माहेरून आलं असेल."

बाईंनी टेस्ट लिहून दिली. एक इंजेक्शन द्यायचं, आणि मेंदूखालची ग्रंथी त्याने जागी होते की झोपूनच राहते, ते थोड्या थोड्या वेळाने रक्त काढून बघायचं.

टेस्टच्या दिवशी सुयोग हाताला सुई लावून सकाळभर पडून होता. दाराशी उभे राहून वडील नर्सला ऐकवत होते, "सुया टोचून कोण मर्द झालाय का?" शेजारच्या पलंगावरची बाई हसली. सुयोगने तोंड भिंतीकडे केलं. सुई दुखत नव्हती. त्या हसण्याने मात्र कानशिलं तापली.

रिपोर्ट यायच्या आधी कणकवलीहून मालनआत्याचा फोन आला. वडील ड्युटीवर होते. प्रेमा रडत सगळं सांगत होती, फोन स्पीकरवर होता.

"कित्याक रडतंस गो?" आत्या म्हणाली. "ह्येच्या बापाशीचो आवाज सतराव्या वर्साक फुटलो. तवसर दशावतारात द्रौपदी तोच होय! पोरां चिडवीत, म्हणान तर मुंबयक पळालो."

प्रेमाने घाईने फोन बंद केला. "पपांना बोलू नकोस हं," ती म्हणाली. सुयोगने मान हलवली नाही.

रिपोर्ट घेऊन तिघं पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसले. "ग्रंथी जागी होतेय," बाई म्हणाल्या. "बहुतेक नुसता उशीर आहे. असा उशीर घराण्यात असतो. पण तुमच्याकडे तर..."

"आहे," सुयोग त्याच बारीक आवाजात म्हणाला. "पपांचा सतराव्या वर्षी फुटला. आत्याने सांगितलं. हे तुमच्याशी खोटं बोलले."

वडिलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. खुर्ची मागे ढकलून ते उठले आणि दार आपटून गेले. बाईंनी रिपोर्ट मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "हे आधी कळलं असतं तर इतक्या सुया टोचल्या नसत्या. आता औषध नको. सहा महिने वाट बघू."

खाली वडील रिक्षा अडवून उभे होते. सुयोग जवळ येताच त्यांनी त्याचा दंड धरला. "परक्या बाईसमोर बापाची अब्रू काढतोस?"

"तुम्ही माझी रोज काढता."

हात वर गेला. प्रेमा मध्ये पडली. "लावून बघा हात," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्यांच्याशी कधी अशी बोलली नव्हती.

वडील एकटेच रिक्षात बसून निघून गेले. मायलेक बस स्टॉपकडे चालू लागले. उन्हाने प्रेमाचे डोळे बारीक झाले होते. ती मागे वळून बघत होती. सुयोगने एकदाही बघितलं नाही.