बँकॉकला गेलेला डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, आणि त्यातही डावा. नाशिकच्या एका कॉलेजात, खेळाच्या सामानाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझा जोडीदार उजवा शेजारीच बसलेला असतो. तो अजून नव्यासारखा दिसतो आणि त्याला त्याचा भारी तोरा आहे. माझ्या करंगळीच्या बाजूला मात्र चांगली बोटभर चीर आहे. कपाटातल्या ढाली नेमाने पुसल्या जातात, आमच्यावर फडकं फिरलं तर फिरलं. नव्या मुली येतात आणि विचारतात, हा फाटका बूट इथे कशाला ठेवलाय? तेव्हा मला राग येतो. मी फाटलेलो नाही, मला कापलं आहे. कोणी आणि कशासाठी कापलं, ते ऐकलंत तर तुम्हीही या कपाटापुढे जरा सरळ उभे राहाल.

माझा जन्म आग्र्याच्या एका कारखान्यात झाला. पांढरं अंग, निळा पट्टा, वास असा की दुकानात शिरणारं माणूस आधी माझ्याकडे वळायचं. शहरातल्या सडसडीत पायाचा एक लाकडी साचा होता, त्यावर मला ताणून शिवलं होतं. तिथून मी नाशिकच्या मेनरोडवर एका दुकानात आलो. साल होतं १९९७.

एका दुपारी दुकानाच्या पायरीशी एक माणूस बराच वेळ घुटमळत उभा होता. त्याचं नाव बारकू. सुरगाण्याकडच्या डोंगरातून तो दर साली दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत कामाला यायचा. पायात काही नव्हतं. दुकानदाराने आत बोलावलं तेव्हा त्याने कनवटीची एक बांबूची काडी काढली.

"पोरीला बूट पाहिजे. लय लांब चालली ती, बँकॉकला. खेळाया."

"पोरगी कुठंय? पाय बघायला नको का?"

"पोर कॉलेजात हाय. माप आणलंय ना मी."

डोंगरात बाजाराला जाणारा माणूस घरच्यांच्या पायांची मापं अशीच नेतो. काडी पायाखाली धरायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोडायची, झालं. चपलेला बाजूच्या भिंती नसतात, म्हणून लांबी जमली की सगळं जमतं. बारकूने ती काडी माझ्या पोटात घातली. ती अगदी टोकाला टोक बसली. त्याचा चेहरा असा उजळला की दुकानदारालाही पुढे काही विचारायचं सुचलं नाही.

त्याची मुलगी दीपमाला. आश्रमशाळेत शिकली, अनवाणी धावत मोठी झाली आणि नाशिकच्या कॉलेजात येऊन बास्केटबॉल असा खेळली की भारतीय विद्यापीठांच्या महिला संघात तिची निवड झाली. आशियातल्या विद्यापीठांची स्पर्धा बँकॉकला होती. तोवर ती एका जुन्या कॅनव्हासच्या बुटात खेळायची. त्यातून तिची करंगळी बाहेर डोकवायची, आणि त्यावरून मैत्रिणी तिला चिडवायच्या.

मला खोक्यातून बाहेर काढायच्या आधी तिने हात धुतले. मग माझ्या नाकावर कुंकू लावलं. असा मान मला आग्र्यात कोणी दिला नव्हता. तिच्या खोलीत रोशनी राहायची. रोशनी ओझरची, वडील विमानाच्या कारखान्यात, तीही याच संघात निवडलेली.

"अगं, घालून तर बघ," रोशनी म्हणाली.

"नको. मळंल. तिथं गेल्यावर कोरा घालीन."

बाकीच्या मुली नवे बूट घालून सराव करत होत्या, त्यांना नरम करत होत्या. मी मात्र पलंगाखाली खोक्यात ऐटीत पडून होतो. निघायच्या दिवशी तिने जुने कॅनव्हासचे बूट एका नव्या खेळाडूला देऊन टाकले. पिशवीत दुसरा जोड नव्हता.

विमानात रोशनी सगळ्यांना माहिती देत होती. ओझरला लहानपणापासून विमानं पाहिलेली, तिला काय नवल. विमान उडालं तसं तिने दीपमालाचा हात घट्ट धरला आणि ते थेट ढगांच्या वर जाईपर्यंत सोडला नाही.

आणि मग ते सभागृह. मित्रांनो, मी ते कसं सांगू? वर दिव्यांच्या रांगा, चारी बाजूंना चढत गेलेल्या खुर्च्या, आणि मधोमध लाकडाची जमीन. एवढी नितळ, की दिवे तिच्यात खाली उतरल्यासारखे दिसत होते. नाशिकचं मैदान सिमेंटचं, त्याआधीचं सुरगाण्याचं मातीचं. दीपमाला रेषेशी थबकली. सभागृहाच्या दाराशीच तिने आम्हाला पहिल्यांदा, नाड्या न आवळता, नुसतं पायात अडकवलं होतं. तिने वाकून आम्हा दोघांना काढलं, कडेला नीट जोडून ठेवलं, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी आत गेली. सारवलेल्या अंगणात पायताण घालून जायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

बाकीच्या मुली हसल्या. पण ती खेळायला लागली आणि हसू थांबलं. मी कडेला बसून पाहत होतो. ती डाव्या पायावर गर्रकन वळायची आणि अडवणारी मुलगी भलतीकडेच उभी दिसायची. पायाची बोटं एकमेकांपासून सुटी, पंजा रुंद, जमीन धरून ठेवणारा. असा पाय मी कधी पाहिला नव्हता. पलीकडे सराव करणाऱ्या कोरियाच्या उंच मुलीही थांबून पाहत होत्या. मला वाटलं, या पायात मी असणार, माझं केवढं भाग्य.

संघाच्या प्रशिक्षक विमलाबाई कडक होत्या. त्यांनी शिट्टी वाजवली. "दीपमाला, बूट घाल. इथे अनवाणी चालत नाही."

तिने नाड्या आवळून मला घातलं, आणि माझ्या भाग्याचा निकाल लागला. लांबीला मी बरोबर होतो. पण तो रुंद पंजा माझ्यात मावेना. उजव्या पायाचं कसंबसं भागत होतं; डावा जरा जास्तच रुंद होता, आणि वळायचं ते सगळं त्याच्यावर. तिची करंगळी माझ्या भिंतीवर घासत होती आणि मी नवा, कडक, हटून बसलेलो. मला नरम व्हायला कोणी वेळच दिला नव्हता.

पहिला सामना कोरियाशी होता. आपला संघ असा हरला की फळ्यावरचे आकडे बघवत नव्हते. दीपमाला मैदानात होती, पण ती दीपमाला नव्हती. वळताना अडखळायची, उडी मारताना कचरायची. दुसऱ्या सामन्यात विमलाबाईंनी तिला बाकावर बसवलं. तोही सामना गेला. आता यजमान थायलंडशी शेवटचा सामना. तो हरलो तर एकही विजय न घेता परत.

सामन्याच्या आधी रोशनीने दीपमालाचा मोजा पाहिला. करंगळीपाशी तो लाल होऊन कडक झाला होता.

"अगं वेडे, बूट चावतोय तुला. मॅडमना सांगू चल."

"नाय सांगायचं," दीपमाला हळूच म्हणाली. "बाने आणलाय. सगळे म्हणतील, बापाला बूट बी घेता येत नाय."

"मग काय बाकावर बसून राहणार? पोस्टाचं तिकीट आहेस का, चिकटून बसायला?"

दीपमाला हसली नाही. मी तिच्या पायात होतो, म्हणून मला कळत होतं. पाय दुखत होता त्याहून तिला दुसरंच काही जास्त दुखत होतं. एकीकडे वडिलांचं प्रेम होतं, दुसरीकडे भारताचं नाव लिहिलेला बनियन, आणि दोन्हीच्या मधे मी.

मध्यंतरापर्यंत आपण मागेच होतो. रोशनीची दमछाक झाली होती. बाकावर बसलेल्या दीपमालाने मला पायातून काढलं, मांडीवर घेतलं. माझ्या नाकावर कुंकवाचा डाग अजून होता. तिने औषधाच्या पेटीतली पट्टी कापायची कात्री मागितली. मला आधी कपाळाला लावलं. आणि मग माझी कड कापली.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. त्या चिरेतून तिचा पंजा बाहेर पसरला आणि पहिल्यांदाच तो पाय आणि मी एकमेकांचे झालो.

विमलाबाईंनी पाहिलं. कापलेला बूट पाहिला, मोजा पाहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, मला बोलली असतीस तर?" आणि तिला आत पाठवलं.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं त्यात मी होतो यावर माझाच विश्वास बसत नाही. ती डाव्या पायावर वळली, पुन्हा वळली. चेंडू तिच्या हातून रोशनीकडे, रोशनीकडून रिंगमध्ये. थायलंडच्या घरच्या प्रेक्षकांचा गलका हळूहळू विरत गेला आणि शेवटी तेच लोक तिच्या वळण्यावर टाळ्या देऊ लागले. अंतिम शिट्टीला आपण एका बास्केटने पुढे होतो. बारा मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी खाली, त्या नितळ जमिनीवर, अवाक होऊन उभा होतो.

पण नाशिकला उतरताना दीपमालाने मला पिशवीच्या तळाशी, टॉवेलखाली दडवलं. बारकू मळ्यातून सुट्टी घेऊन स्टँडवर आला होता. कॉलेजच्या मुलांनी हार आणले होते. त्याने हाराकडे पाहिलंही नाही. आधी तिच्या पायांकडे पाहिलं. पायात चप्पल होती आणि करंगळीला पट्टी.

"बूट कुठंय?"

तिने मला बाहेर काढलं. बारकूने मला घेतलं, चिरेत बोट घातलं, आतला वाळलेला डाग पाहिला. ती खाली मान घालून उभी होती.

"चावत व्हता तं सांगितलं का नाय?"

"तुला वाईट वाटलं असतं, बा."

"वाटलं असतं, घटकाभर. पाय जन्माचा हाय ना गं."

तो तिथेच स्टँडच्या फरशीवर बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि हळूच फुंकर घालू लागला. मी त्याच्या शेजारी पडलो होतो. एवढे दिवे, एवढी माणसं, एवढ्या टाळ्या मी पाहून आलो होतो. पण त्या फुंकरीसारखं काही पाहिलं नव्हतं.

म्हणून सांगतो, मुलांनो. आम्हा बुटांना पुसा, वाळवा, आमची कदर करा, हे तर आहेच. पण कोणी कितीही मायेने दिलेली वस्तू तुम्हाला चावत असेल, तर गप्प राहून रक्त काढू नका. देणाऱ्याला जाऊन सांगा. माया खरी असेल, तर तो वस्तू बाजूला ठेवेल आणि तुमचा पाय हातात घेईल.