पायलच्या डोळ्यातला पाहुणा

मी बुडबुडा बोलतोय. साबणाचा नाही, पायलच्या उजव्या डोळ्यात भरलेल्या वायूचा. माझं आयुष्य पंधरा दिवसांचं. आज चौदावा. दमलोय, तरी बोलतो.

यवतमाळच्या एका ऑपरेशन थिएटरात जन्मलो. पायलच्या डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता. तो बसवून, आतून दाबून धरायला मला सोडलं. माझा स्वभाव एकच, वर चढायचं. म्हणून डॉक्टर मॅडमनी बजावलं, "आठ दिवस तोंड खाली. झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून. तरच हा पडद्याला टेकेल."

पायल मुकुटबनची, ब्लाउज शिवते. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. सुईत दोरा ओवायला हा उजवाच एक डोळा.

दोन दिवस ती इमानदारीत पालथी राहिली. गाल सुजले, मान आखडली. मीही पडद्याला पाठ लावून उभा होतो. तिसऱ्या दिवशी सासरे नागोराव दारातून ओरडले, "काहून पालथी पडून राह्यली? घरात असं पडणं चांगलं नसते. पडदाच तं सुटला! दाराचा पडदा नाई टांगत आपण?"

मागे चुलतसासू बसंतीबाई. आजाऱ्याला पाहायला येतात म्हणे, येतात चहाला. "तोंड तं दाखव वो पोरी. आमी का तुह्या पाठीले भेटाले आलो?"

सगळे हसले. पायलला उताणी केली. मी वर चढत बुबुळाकडे आलो. पडदा मागे एकटा. दीड तास. चौथ्या दिवशी वेगळे पाहुणे, पाचव्या दिवशी आणखी वेगळे. जाताना प्रत्येक जण देवाला हात जोडायचा. काम करणाऱ्याला जागेवरून हुसकून लावायचं आणि वर देवाला साकडं घालायचं, ही यांची अक्कल.

सहाव्या दिवशी नागोराव पुन्हा म्हणाले, "ऊठ सूनबाई, लोक आले."

पायल उशीतूनच बोलली, "मामाजी, लगन झाल्यापासून मान खाली घाल, मान खाली घाल सांगता. आता घातली तं कायले उचलता?"

नागोराव चुकलो म्हणाले नाहीत. "सून उलटं बोलते," एवढंच गावभर सांगत फिरले.

आता मी मोहरीएवढा उरलोय. पडदा बराच बसला, पण एक कोपरा पुन्हा सुटलाय. तिथं पायलला काळी सावली दिसते. परवा परत यवतमाळ, परत टेबल, परत माझ्यासारखा कोणी.

मी जातो. त्याच्या वेळी एवढं करा. पाहुण्यांना चहा पाजा, जेवू घाला, पण पायलला उठवू नका. तिचं तोंड पाहायचंच असेल तर जमिनीवर बसा आणि स्वतःची मान वाकवा.