एकदाच दाबलेलं बटण

मोहने गावातल्या विमलाबाईंकडे नळ कोरडे. त्यांनी आमच्या वेबसाइटवर पाण्याचा टँकर मागवला, तर दोन आले. एक त्यांनी परत पाठवला म्हणून आमच्या मालकांनी, सुदेश सरांनी, त्यांचा नंबरच ब्लॉक केला.

"म्हातारी दोनदा दाबते बटण," सर म्हणाले.

वागळे इस्टेटच्या ऑफिसात मी कोड उघडला. बटण दाबल्यावर ऑर्डर पाठवणारी स्क्रिप्ट ऑर्डरच्या पानातही होती आणि सगळ्या पानांना लागणाऱ्या हेडरमध्येही. म्हणून ती दोनदा चालायची, एका क्लिकला दोन ऑर्डर.

"सर, हेडरमध्ये कोणी टाकली?"

"मीच, त्याच सकाळी. सगळीकडे चालावी म्हणून."

"मग ब्लॉक कोणाला करू?"

मी हेडरमधली ओळ उडवली, विमलाबाईंचा नंबर मोकळा केला, त्यांना फोन लावला.

"मावशी, चूक आमची होती. आता मागवा."

स्क्रीनवर एकच ऑर्डर आली.

"एकदाच दाबलंय हां," त्या म्हणाल्या. "तेव्हाही एकदाच दाबलेलं."