तिसरा गाळा

मचाणावर उभी राहून लेक पुलाच्या पोटाला हातोडी ठोकत होती. टण, टण, टण. खाली दगडावर बसलेले मिस्त्री कान देऊन ऐकत होते. तीस वर्षांपूर्वी हा पूल त्यांच्याच हाताखाली उभा राहिला होता. आता इंजिनिअर झालेली लेक तो तपासतेय म्हटल्यावर तेही हौसेने बरोबर आले होते.

दोन खांबांमधल्या तिसऱ्या गाळ्याखाली आवाज बदलला. बद.

मिस्त्री दगडावरून उठले.

"बाबा, इथे पोपडा सुटलाय. आतली सळई गंजून फुगलीय. बाकीचे गाळे ठणठणीत, मग हाच कसा कुजला?"

"खाडीचा वारा गं. माझी हाडं खाल्ली त्याने, लोखंडाचं काय घेऊन बसलीस!"

"वारा काय गाळा मोजून लागतो?" ती हसली. "असो. हातभर जागा आहे, ठिगळ लावून भागेल. वाहतूक चालू राहू दे."

वरून ट्रक धडधडत गेला. मिस्त्रींच्या नजरेसमोर तुळईवरची एक भेग केसभर उघडली, मिटली. मागोमाग दुसरा. पुन्हा उघडली.

तीस वर्षांपूर्वी हा गाळा ओतला, त्या दिवशी गोड्या पाण्याचा टँकर आलाच नव्हता. काँक्रीट अर्ध्यावर टाकून थांबवता येत नव्हतं, साहेब जेवायला गेलेले. मिस्त्रींनी खाडीत पंप सोडला. एका दिवसाने काय होतंय, असं तेव्हा वाटलं. पुढे मात्र ते या पुलावरून देवाचं नाव घेतल्याशिवाय कधी गेले नाहीत. बायकोला वाटे, केवढा भाविक माणूस!

"ठिगळ नको," ते म्हणाले. "अर्धाअधिक गाळा खाऱ्या पाण्यात कालवलाय."

हातोडी थांबली.

"कोणी?"

"मी."

तिने खिशातली वही काढली. मग हळूच म्हणाली, "हे मला लिहावं लागेल, बाबा. तुमच्या नावानिशी."

"लिही. पण आधी रस्ता अडव."

ती फोन लावेपर्यंत मिस्त्री गुडघे धरत वर चढले आणि पुलाच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. ट्रक करकचून थांबला.

"आजोबा, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला. "पूल तर दगडासारखा आहे! कोण म्हणतं पडेल?"

"ज्याने बांधला तो."

खाली हातोडी पुन्हा सुरू झाली होती. बद. बद. बद.