तुपास बाई आणि दगडांचा वर्ग

गिंबालच्या बाजारात रोसेंदाने एकतीस वर्षं शेवयांच्या रश्श्याची, म्हणजे बाचोयची, खानावळ चालवली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा डाव मुलीच्या, मारिविकच्या, हातात देऊन ती कोपऱ्यातल्या बाकावर बसायला लागली. बसून बसून जीव विटला. अशात एका सकाळी फोन चाळताना तिला मनिलाच्या कुठल्याशा विद्यापीठाची जाहिरात दिसली: मोठ्या माणसांसाठी छोटे अभ्यासक्रम, घरबसल्या, फुकट. मधमाश्या पाळणं होतं, जुन्या जहाजांचा इतिहास होता, आजाऱ्याची शुश्रूषा होती. रोसेंदाने बोट ठेवलं ते ‘दगड आणि जमीन’वर. सहा आठवड्यांचा.

मारिविक हसत सुटली. “आई, आयुष्यभर तांदळातले खडे निवडलेस, ते कमी पडले होय?”

“तू शेवयांकडे बघ. लगदा होईल त्यांचा.”

पहिल्या आठवड्याचा अभ्यास सोपा होता. स्वतःची ओळख करून द्यायची आणि आठवणीतल्या एका दगडाबद्दल चार ओळी लिहायच्या. बाकीचे शिकणारे त्या वाचणार होते. रोसेंदाला चार ओळींना दोन दुपारी लागल्या, आणि चाराच्या चाळीस झाल्या.

तिने लिहिलं ते असं. तिचा बाप डोंगरातल्या खाणीत पिवळे दगड फोडायचा. ती पाचवीत असताना शाळेत तुपास बाई नावाच्या तरुण बाई आल्या. पावसाळ्यात ओढा ओलांडताना चपला हातात घेऊन यायच्या, आणि वर्गाच्या दारात पाय पुसून त्या घालायच्या. एकदा त्यांनी खाणीतला एक तुकडा रोसेंदाच्या तळहातावर ठेवला. त्यात एक शिंपला रुतून बसला होता, नखाएवढा. बाई म्हणाल्या, “हा डोंगर एके काळी समुद्राच्या तळाशी होता.” घरी सांगितलं तर बाप पोट धरून हसला. “समुद्र डोंगर चढला? तुझ्या बाई माडी पिऊन येतात का ग शाळेत?” त्याच वर्षी बापाच्या पायावर शिळा पडली आणि रोसेंदाची शाळा सुटली. बाई घरी समजवायला आल्या, एकदा नव्हे, तीनदा. “त्यांना मी नंतर कधी भेटले नाही,” असं लिहून रोसेंदाने फोन उपडा ठेवला आणि कांदे सोलायला घेतले. डोळे पुसायला ते बरं पडतं.

दोन दिवसांनी खाली उत्तर आलं. नाव होतं ई. तुपास, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम दाव्हाव.

“वर्गात तुझ्या शेजारी कोण बसायचं?”

रोसेंदाने चष्मा लावून ते पुन्हा वाचलं. तिने लिहिलं, “फेलिसा. ती खडू खायची.”

लगेच उत्तर आलं: “तुझा नंबर दे.”

फोनच्या पडद्यावर जो चेहरा उमटला त्याला चष्मा होता, दात बसवलेले होते, पण भुवया त्याच. रोसेंदा गुडघे विसरून ताडकन उभी राहिली.

“बस, बस. आता मी काही बाई नाही, तुझ्याच वर्गात आहे,” तुपास बाई म्हणाल्या.

“पण बाई, तुम्हाला कशाला हवा हा कोर्स? तुम्हाला तर सगळं येतं.”

“कुठलं येतं! मी सव्वीस वर्षांची पोर होते. हाती एक उसनं पुस्तक, त्याचीही अर्धी पानं वाळवीने खाल्लेली. तुम्हाला जे सांगितलं ते खरं होतं की नाही, हा किडा माझ्या डोक्यात पन्नास वर्षं वळवळतोय. म्हटलं, मरायच्या आधी तपासून घ्यावं.”

“मग? डोंगराचं?”

“डोंगराचं खरं निघालं. पण ओढ्यातले काळे दगड आकाशातून पडलेत असं सांगितलं होतं ना, ती शुद्ध थाप. ज्वालामुखीचे आहेत.”

“अहो बाई! मी ते अख्ख्या बाजाराला सांगून बसलेय!”

दोघी इतक्या हसल्या की मारिविक डाव घेऊनच बघायला आली.

हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, “तिसऱ्यांदा आले होते, तेव्हा तू चुलीमागे लपली होतीस. तुझे पाय दिसत होते मला.”

रोसेंदाची मान खाली गेली. “लाज वाटत होती हो. तुम्ही बोलत होतात, बाबा नुसते भिंतीकडे बघत होते. निरोपसुद्धा दिला नाही मी तुम्हाला.”

“मलाही लाजच वाटत होती. बाप अंथरुणावर, घरात चार तोंडं, आणि मी वहीपेन्सिलीचं बोलतेय. तुला हाक मारावी असं ओठांवर आलं होतं. नाही मारली. जाताना ओढ्यापर्यंत रडत गेले.”

मग बाईंनीच दुसऱ्या आठवड्याचा धडा काढला.

त्यानंतर रोज सकाळी दहाला फोन वाजायचा. बाईंना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून रोसेंदा धडा मोठ्याने वाचायची. चौथ्या आठवड्याच्या चाचणीत बाई एका प्रश्नाला अडल्या.

“सांगू का, बाई?”

“खबरदार! वर्गात कॉपी चालणार नाही.”

त्यांनी उत्तर दिलं ते चुकलं. बाईंनी प्रश्न काढणाऱ्याच्या अकलेचा उद्धार केला आणि फोन ठेवला.

सहावा आठवडा संपला. रोसेंदाला शंभरात एक्क्याऐंशी मिळाले, बाईंना चौऱ्याहत्तर. प्रमाणपत्रावर संपूर्ण नाव होतं, रोसेंदा मागबानुआ, ठळक अक्षरात. मारिविकने ते छापून आणलं आणि खानावळीच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी टांगलं. रोसेंदा उगाच ओरडली, “रश्श्याच्या वाफेने खराब होईल ना ग!” मग गिऱ्हाईक नसताना ते दोनदा सरळ करून आली.

सात गुण कमी पडले म्हणून बाई दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी दहाला फोन आला.

“मधमाश्यांचा कोर्स सोमवारपासून आहे. तुझंही नाव घातलंय.”

“बाई, मला विचारायचं तरी!”

“विचारून काय झालं असतं? चष्मा घे आणि पहिला धडा वाच. आणि हे बघ, या वेळी मी पुढे.”