ब्याऐंशी किलो

सुनेत्राचा जो फोटो लग्नासाठी कौशिकच्या घरी गेला, तो चार वर्षांपूर्वीचा, कॉलेजातला. नंतर तिला थायरॉइड झालं आणि वजन अठ्ठावन्नवरून ब्याऐंशीवर गेलं.

"ते बघायला येईपर्यंत तीन आठवडे आहेत," तिची आई अलकनंदा म्हणाली. "थोडं तरी उतरेल." त्या दिवसापासून डब्यात फक्त काकडी आणि ताक येऊ लागलं.

सुनेत्रा चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासायची. बाराव्या दिवशी मापाचे आकडे तिच्या डोळ्यांसमोर हलायला लागले. तिने साठ भाग पास केले, त्यातले नऊ चुकीचे निघाले.

तिचे साहेब राममूर्ती यांनी बोलावून घेतलं. "तुझ्या हातून असं कधी होत नाही. बरं नाहीये का?"

"सर, बारा दिवस मी धड जेवलेले नाही," तिने खरं ते सांगितलं. "मुलगा बघायला येणार आहे."

"आधी कँटीनमध्ये जाऊन जेव. मग दोघं मिळून सगळे पुन्हा तपासू. ब्रेक आहेत ते, सुनेत्रा."

ती दोनदा सांबार-भात घेऊन जेवली, मग दोघांनी सगळे भाग पुन्हा तपासले. परतीच्या बसमध्ये ते नऊ भाग तिच्या मनातून जाईनात. आपला जुना फोटोही तसाच चुकीचा पुढे गेला होता. घरी येताच तिने आईसमोरच कौशिकला फोन लावला. तो चेन्नईतच, पेरुंगुडीत, सॉफ्टवेअर कंपनीत होता.

"फोटो जुना आहे. आता मी ब्याऐंशी किलोची आहे. येण्याआधी कळावं म्हणून सांगतेय."

"आईशी बोलून कळवतो," तो म्हणाला.

त्याचा फोन आला नाही. चार दिवसांनी त्याच्या आईने पत्रिका जमत नसल्याचं कळवलं. ती महिन्यापूर्वीच जमली होती.

सुनेत्रा रडली. पत्रिका जमल्यापासून कौशिक फोनवर बोलताना तिला हसवायचा, तो तिला आवडला होता.

"गप्प बसली असतीस तर," अलकनंदा म्हणाली.

"तर त्यांनी आपल्या घरात बसून तोंडं वाकडी केली असती."

अलकनंदा तिच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "माझ्या रंगावरून मला आठ ठिकाणांहून नकार आला होता. तुझं तसं होऊ नये म्हणून करत होते."

"झालं तर होऊ दे, आई. उपाशी राहून मी कामावर जाणार नाही."

"नको जाऊस. पण शनिवारी डॉक्टरांकडे चल."

त्याला सुनेत्राची ना नव्हती. थायरॉइडच्या गोळीचा डोस तपासून घेतल्याला वर्ष झालं होतं.