थोरलीच्या खुणा

राजेश्वरीने सासूच्या मांडीवरचा रिमोट उचलला आणि पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थांबवलं.

"हितं बघा. गुरुजींचे पाय दिसत्यात का कुणाला?"

खोलीतल्या बायका पुढे वाकल्या. पडद्यावर पिवळ्या उजेडात गुरुजी हात जोडून उभे होते.

"चौरंगामागं हायत की," शेजारची प्रयागबाई म्हणाली.

"मागल्या आठवड्यात तुळशीकट्ट्यामागं होते. त्याच्या आधी उंबऱ्याच्या आत. पयल्या भागापास्नं बघतीय मी. ह्या माणसाचे पाय एकदा बी दावलं न्हाईत." राजेश्वरीने शेंगांची ताटली सातव्या महिन्याच्या पोटावर टेकवली आणि एक शेंग फोडली. "लेखकानं ठेवलंय ते. उगं कोण कशाला पाय लपवंल?"

प्रयागबाईची नात निकिता हसत सुटली आणि शकुबाईला आपल्या सुनेचा भारी अभिमान वाटला. स्वतःची बुद्धी एवढी चालत नाही, हे तिने कधीच कबूल केलं होतं. कळसमधल्या त्या गल्लीत 'निळी पायरी' ही भुताची मालिका घरोघरी लागत असे, पण संध्याकाळी बायका जमत त्या शकुबाईच्याच घरी. तिच्या मुलाने, राजवर्धनने, नवा टीव्ही आणल्यापासून चित्र थांबवता येई, मागे नेता येई. आणि पणदऱ्याहून आलेली ही बी.ए. झालेली सून कुठे थांबवायचं ते बरोबर ओळखी. कुणाच्या हातातली वाटी कधी रिकामी होत नाही, कोण आरशासमोरून जायचं टाळतं, असलं सगळं तिला दिसे. मग दोन-चार महिन्यांनी ते खरं निघे आणि प्रयागबाई कपाळावर हात मारून घेई.

गुरुजींचे उलटे पाय अखेर पडद्यावर आले तेव्हा राजेश्वरी बारामतीच्या दवाखान्यात होती. निकिताने तिला फोनवर आवाज भरून तीन आरोळ्या पाठवल्या. त्या कुणी ऐकल्या नाहीत. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. राजवर्धनने तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि मानसिंगने, त्याच्या वडिलांनी, इंदापूरच्या रस्त्याने गाडी इतकी सावकाश चालवली की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले. डाळिंबाच्या बागेच्या वरच्या बांधाला दोघा बापलेकांनीच खड्डा घेतला.

माहेरी महिनाभर राहून राजेश्वरी परत आली. अंग वाळलं होतं, बाकी काही नाही असं सगळ्यांना वाटलं. संध्याकाळी बायका पुन्हा जमू लागल्या. ती भिंतीला टेकून बसे, मालिका बघे, पण रिमोटला हात लावत नसे.

"राजेश्वरी, थांबव की हितं," निकिता म्हणे.

"बघा तुमी," ती म्हणे.

मालिकेत आता थोरल्या सुनेचा भाग चालला होता. गुरुजी गेले आणि घरातलं खरं भूत थोरलीच आहे, असा सगळ्यांचा संशय होता. ती जेवताना कुणाला दिसत नव्हती. केस मोकळे सोडून परसात जाऊन बसायची. स्वतःच्या वस्तू एकेक करून दुसऱ्यांना देत सुटली होती. निकिता म्हणाली, मेलेल्या बाईला कशाला लागतील वस्तू?

शकुबाईला मात्र पडद्यावर लक्ष देता येत नव्हतं. तिच्या घरात तेच चाललं होतं.

राजेश्वरी ताटावर बसायची आणि ताट तसंच गाईपुढे रिकामं करायची. दूध उतू जाताना समोर उभी राहून बघायची, गॅस बंद करायची नाही. एका दुपारी तिने लग्नातली मोरपंखी साडी निकिताला देऊन टाकली. मामांच्या, म्हणजे मानसिंगच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्यांवर सकाळ-संध्याकाळ अशा मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या. मसाल्यांचे डबे घासून, पुसून, ओळीने लावले आणि शकुबाईला हाताला धरून दाखवलं, "आत्या, हळद हितं. धने हितं."

आणि गेल्या काही दिवसांपासून ती एकाएकी शांत झाली होती. रडणं थांबलं होतं. हसायचीसुद्धा.

शकुबाईने हे प्रयागबाईला सांगितलं. सांगायला नको होतं, पण पोटात मावत नव्हतं.

"मला ठावं होतंच," प्रयागबाई आवाज बारीक करून म्हणाली. "वली बाळंतीण बांधावर जाऊन बसती. लागिर झालंय तिला. ही तुझी सून न्हाय शकुबाई, दुसरंच कायतरी बसलंय तिच्यात. त्या थोरलीगत."

आठ दिवसांत गल्लीत सगळ्यांना कळलं. बायका बसायला येत, पण आता पडद्यापेक्षा राजेश्वरीकडे जास्त बघत. तिने पाणी डाव्या हाताने प्यायलं तरी एकमेकींना कोपर लागे. पलीकडच्या वाडीवरच्या देवरुषाला रविवारी बोलवायचं ठरलं. मानसिंग मान खाली घालून ऐकत राहिला. राजवर्धन तेवढा भडकला.

"ती मालिका बंद कर आधी! डोक्यात भुतं भरल्याती तुमच्या."

"मग काय झालंय तिला? तू सांग," शकुबाई म्हणाली. "तू तर बघत बी न्हाईस तिच्याकडं."

तो चप्पल घालून मोटार चालू करायला निघून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी बायका आल्या नाहीत. हळदीकुंकू होतं कुणाकडे तरी. घरात सासू-सून दोघीच होत्या. पडद्यावर थोरली आपल्या गळ्यातली सर धाकट्या जावेच्या गळ्यात घालत होती. शकुबाईने रिमोट हातात घेतला, दोन-तीन चुकीची बटणं दाबली आणि शेवटी चित्र थांबवलं.

"राजेश्वरी, सांग की गं. पयल्यागत. हिचं काय होणार म्होरं?"

राजेश्वरीने पडद्याकडे बघितलं. मग तिचा आवाज आला, कोरडा, धडा वाचावा तसा.

"ती भूत न्हाय, आत्या."

"मग?"

"जित्ती हाय. घरातली समदी तिला मेल्याली समजत्यात, म्हणून कुणी इचारत न्हाय. समदं वाटून झालंय तिचं. आता ती जाणार."

"कुठं जाणार?"

"किती दिस झालं दावत्यात लेखक. जेवत न्हाय, झोपत न्हाय. एवढ्या खुणा ठिवल्यात. बघणाऱ्यांनी भूतच बघायचं ठरीवलंय, तर लेखक तरी काय करंल?"

ती उठली आणि चुलीकडे गेली. थांबलेल्या पडद्यावर थोरलीचे दोन्ही हात जावेच्या मानेमागे तसेच राहिले होते. शकुबाईला चित्र पुढे चालू करायचं बटण सापडेना. सापडलं असतं तरी तिने दाबलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुबाई भाकरी झाकून बाहेर आली तर सून घरात नव्हती. न्हाणीत नव्हती, गोठ्यात नव्हती. बांधावरही नव्हती. शकुबाईने हाक मारली नाही. ती डाळिंबाच्या ओळींतून जेवढं पळवेल तेवढं पळाली. काट्यांनी पदर दोनदा धरला, दोनदा फाटला.

शेततळ्याच्या जाळीचं दार उघडं होतं.

राजेश्वरी आतल्या उतारावर बसली होती. काळ्या प्लास्टिकच्या कागदावर, खाली, जिथून पाण्याचं शेवाळ सुरू होतं तिथे. पाय घोट्यापर्यंत पाण्यात. त्या कागदावरून एकदा घसरलं की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, हे दोघींना माहीत होतं. गेल्या साली शेजारच्या शिवारात एक धडधाकट गडी गेला होता.

घरी चल म्हणावं, तर ती घरातूनच आली होती. देवाची शपथ घालावी, तर देवापुढेही सगळं करून झालं होतं. शकुबाईने चपला काढल्या. काष्टा खोचला. आणि तोंड सुनेकडे ठेवून, बसल्या बसल्या, एक पाय उतारावर टाकला. कागद उन्हाने भाजत होता. दुसरा पाय टाकला तशी ती हातभर खाली सरकली.

राजेश्वरीने मागे बघितलं.

"आत्या! काय करताय? घसराल तुमी!"

"घसरू दे."

"तुमाला पवता येत न्हाय!"

"न्हायच येत," शकुबाई म्हणाली आणि आणखी थोडी सरकली.

"थांबा. हलू नका. तितंच थांबा, आत्या, पाया पडते."

राजेश्वरी वळली. पोटावर पालथी होऊन, तळवे आणि गुडघे कागदाला दाबत, इंच इंच वर येऊ लागली. दोनदा खाली गेली. शकुबाईने पदर सोडून खाली टाकला. तो फाटक्या टोकाने सुनेच्या बोटांना लागला. कोण कुणाला ओढत होतं ते सांगता आलं नसतं. बांधाच्या मातीला हात लागले तेव्हा दोघींच्या कोपरांची सालटी निघाली होती. राजेश्वरी मातीत तोंड घालून रडायला लागली. माणसाचं रडणं होतं ते, मोठ्याने, नाक गळत. शकुबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. तळव्याला एकेक मणका लागला.

"मी भुताच्या खुणा बघत बसले गं," ती म्हणाली. "तुझ्याकडं बघाया पायजे हुतं."

रविवारी देवरुषाला दारातूनच परत पाठवलं. मानसिंग स्वतः उंबऱ्यात उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रयागबाईला "तुमी घरी जावा" म्हणाला.

सोमवारी चौघं बारामतीला गेली. मनाच्या आजारांच्या डॉक्टर बाई होत्या, तरुणच. त्यांनी आधी राजेश्वरीशी एकटीशी बोलून घेतलं. बराच वेळ. मग तिला बाहेर मानसिंगजवळ बसवून राजवर्धनला आणि शकुबाईला आत बोलावलं.

"तुम्हाला केव्हापासून काही वेगळं वाटायला लागलं?"

शकुबाईने सांगायला सुरुवात केली. जेवण, साडी, मसाल्यांचे डबे. तिला वाटत होतं तेवढं शब्दांत येईना. डॉक्टरांनी राजवर्धनकडे बघितलं.

"तुम्हाला?"

तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"म्हायेरास्नं आणलं त्याच दिवशी," तो म्हणाला. "डाळिंबाच्या फवारणीची औषधं हुती घरात, ती त्याच दिवशी मित्राकडं नेऊन ठिवली. न्हाणीची आतली कडी काढली, मोडली म्हणून सांगितलं. दावी, दोर समदे उचलले. पंख्याचा हूक कापला माळ्यावरचा. मोटार चालू करायला जातो म्हणायचो आन् मागल्या खिडकीखाली उभा ऱ्हायचो. रातच्याला तिच्या पदराचं टोक मनगटाला बांधून झोपायचो, तिला कळू न देता. तळ्याचं तेवढं सुचलं न्हाय."



"घरात कुणाला सांगितलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय सांगायचं? आईनं सटवाईचं नाव घेतलं असतं. आबा आधीच..." त्याने हात हलवला. "आन् तिला तरी काय म्हणायचं? ती रडायची ते दिसायचं समद्यांना. मी..."

बाहेर कुणीतरी नंबर पुकारला. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, राजेश्वरीला एकटं ठेवायचं नाही, आठवड्याने परत आणायचं, असं सांगितलं. हे लवकर बरं होत नसतं, पण होतं, असंही म्हणाल्या. शकुबाईने हात जोडले. राजवर्धन उठला.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या.

"झालं न्हवं?"

"तुम्ही झोपता किती?"

तो उभाच होता. त्याने आईकडे बघितलं, मग दाराकडे. मांडीवरून काहीतरी खाली पडू नये म्हणून धरावं तसे त्याचे दोन्ही हात पोटाशी जुळले होते.

डॉक्टरांनी खणातून दुसरा कोरा केसपेपर काढला.

"नाव सांगा."

"राजेश्वरी राजवर्धन..."

"तिचं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुमचं सांगा."